गर्भवतीचे ताट आणि बाळाची बुद्धी



सुभद्रेच्या उदरात असतानाच अभिमन्यूने चक्रव्यूहभेदाची विद्या ऐकली, ही कथा ठाऊक नसलेले मराठी घर सापडणे कठीण. अलीकडच्या काळात या कथेला पुन्हा झळाळी आली आहे. गर्भसंस्काराचे वर्ग भरतात, ध्वनिमुद्रिका विकल्या जातात, होणारी आई सकाळ-संध्याकाळ स्तोत्रे ऐकते. यात वावगे काहीच नाही. आईचे मन प्रसन्न राहणे ही मोठीच गोष्ट आहे. गर्भाला साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास ध्वनी ऐकू येऊ लागतात आणि जन्मलेले मूल आईचा आवाज ओळखते, हेही आता प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. परंतु ऐकण्यासाठी आधी कान घडावा लागतो, ऐकलेले साठवण्यासाठी मेंदू घडावा लागतो, आणि ही घडण मंत्राने होत नाही, अन्नाने होते. ज्या घरात गर्भसंस्काराच्या वर्गासाठी हजारो रुपये भरले जातात, त्याच घरात सुनेच्या वाट्याला दिवसाकाठी किती दूध येते, असा प्रश्न विचारला तर पुष्कळ ठिकाणी उत्तर येते, ‘चहात घालते तेवढे!’

आपल्या प्राचीन वैद्यकाने मात्र या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या महिन्यात गर्भवती ‘दोन हृदयांची’ होते, असा विचार आहे. ‘दौहृद’ तो हाच; आपले डोहाळे त्याचेच. तिची इच्छा अव्हेरली तर जन्मणाऱ्या अपत्यात कोणकोणती वैगुण्ये येतात, याची यादी सुश्रुताने दिली आहे, आणि त्या यादीत कुबड व लंगडेपण यांच्याबरोबर ‘जड’ म्हणजे मंदबुद्धी हा शब्दही आहे. चरकाने तर महिन्यामहिन्याचा आहार सांगितला. पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात लोण्यासह दूध, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप. चरकाला जीवनसत्त्वे ठाऊक होती, असा दावा कोणी करू नये. तसले दावे केल्याने आपल्याच परंपरेचे हसे होते. दीर्घ निरीक्षणातून त्या काळच्या वैद्यांना एक गोष्ट दिसली होती, एवढेच म्हणणे पुरेसे आहे. गर्भिणीच्या पोटात पहिल्या महिन्यापासून दूध जावे, ही ती गोष्ट होय. हा ‘पहिला महिना’ नीट लक्षात ठेवावयास हवा, कारण आधुनिक विज्ञानही तेथेच येऊन पोहोचले आहे.

मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटून पूर्ण होते. त्या दिवशी स्त्रीची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. डॉक्टरांकडे पहिली खेप त्यानंतर होते, आणि डोहाळजेवण तर सातव्या महिन्यात! या नलिकेच्या घडणीसाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते. आधीच्या बाळात हा दोष आढळलेल्या स्त्रियांची एक चाचणी सात देशांत मिळून झाली. १९९१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेणाऱ्या स्त्रियांत हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटले. परिणाम इतका स्पष्ट होता की ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. म्हणूनच दिवस जाण्याच्या आधीपासून फोलिक आम्लाची गोळी घ्यावी, असे जगभर सांगितले जाते. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी ती गोळी नलिका मिटून गेल्यानंतर सुरू होते.

पुढचे महिनेही कमी महत्त्वाचे नाहीत. पेशी वाढतात, त्या आपापल्या जागी जातात, एकमेकींशी जोडल्या जातात, आणि त्यांच्या तंतूंवर एक स्निग्ध आवरण चढू लागते. विजेच्या तारेवर जसे वेष्टण असते तसे हे आवरण. ते नीट नसेल तर संदेश मंदावतात. नवजात बाळ विश्रांती घेत असते तेव्हाही त्याच्या शरीरातील ऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा मेंदूकडेच जातो. एवढा खर्चिक अवयव अर्धपोटी आईच्या जिवावर उभा राहावयाचा, हे सोपे काम नव्हे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेली मुले एकोणीस वर्षांची झाल्यावर लष्करी भरतीच्या वेळी त्यांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. सुमारे सव्वा लाख तरुणांच्या नोंदी तपासूनही भुकेची झळ लागलेले तरुण बुद्धीने कमी आढळले नाहीत. मग आहाराची एवढी चर्चा कशाला? उत्तर त्याच देशाच्या पुढील नोंदींत आहे. दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात मज्जानलिकेचे दोष अधिक निघाले आणि छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ती पिढी साठीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा, गर्भारपणाच्या आरंभी भूक सोसलेल्या मातांच्या मुलांची अवधानशक्ती इतरांपेक्षा कमी असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शिवाय ती डच माता जन्मभर चांगले खाल्लेली होती. तिच्यावर संकट आले ते काही महिन्यांचे. आपल्याकडची कथा निराळी आहे. येथे मुलगी कृश वाढते, कृश स्थितीत सासरी येते आणि कृश स्थितीतच आई होते.

ही कथा जगासमोर मांडली ती पुण्याने. के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत विवाहित तरुणींची नोंद ठेवली. त्यांना दिवस जाण्यापूर्वीच त्यांची उंची, वजन मोजून ठेवले. जगात असे अभ्यास थोडेच; बहुतेक अभ्यास स्त्री दवाखान्यात आल्यावर सुरू होतात. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन होते सुमारे बेचाळीस किलो. गर्भारपणी त्यांचा आहार होता दिवसाला अठराशे कॅलरींच्या आसपास, प्रथिने पंचेचाळीस ग्रॅम. बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केल्यावर एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. आपले बाळ हातापायांनी बारीक, स्नायूंनी कमी, पण चरबी त्या मानाने टिकवून ठेवणारे होते. पुढे मधुमेहाकडे नेणारी ती वाट कशी, हा स्वतंत्र विषय आहे.

आजच्या विषयासाठी महत्त्वाचे आहे ते पुढचे. आईने किती कॅलरी खाल्ल्या, यापेक्षा काय खाल्ले याचा बाळाच्या आकारमानाशी अधिक संबंध दिसला. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे मोठी होती. भाकरी दोन्हींकडे होती. भाकरीबरोबर काय होते, यावर फरक पडला. आणखी एक निष्कर्ष तर प्रत्येक कर्त्या पुरुषाने घरात टांगून ठेवावा असा आहे. पाणी भरणे, शेतातली कामे अशी कष्टाची कामे गर्भारपणात ज्यांना अधिक करावी लागली, त्यांच्या बाळांचे वजन कमी भरले आणि डोक्याचा घेरही कमी भरला. डोक्याचा घेर म्हणजे मेंदूच्या वाढीचे ढोबळ माप. तेव्हा डोक्यावरचा हंडा आणि बाळाचे डोके यांचा संबंध आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

रक्ताच्या तपासणीत मात्र सगळ्यांनाच चकित करणारी गोष्ट निघाली. फोलेट कमी असलेली माता जवळजवळ नव्हतीच, अवघी एक. आणि ब-१२ हे जीवनसत्त्व कमी असलेल्या माता होत्या दोन तृतीयांश! मज्जातंतूंवरील ज्या वेष्टणाचा वर उल्लेख झाला, त्याच्या घडणीसाठी ब-१२ अत्यावश्यक आहे. ते वनस्पतीत होत नाही. ते बनवतात सूक्ष्म जीवाणू, आणि माणसाला ते मिळते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतून. शाकाहारी माणसाला दूध हाच एक आधार. पेलाभर दुधात ते सुमारे एक मायक्रोग्रॅम असते, आणि उकळताना त्यातलेही थोडे कमी होते. चहातल्या चार चमचे दुधाने ही गरज भागत नाही, हे वेगळे सांगावयास नको. मांसाहारी म्हणवणाऱ्या घरांनीही निश्चिंत राहू नये. आठवड्यातले वार, श्रावण, चातुर्मास वजा करता मांसाहाराचे दिवस किती उरतात, आणि त्या दिवशी रस्सा सुनेपर्यंत पोहोचतो की फोडी पोहोचतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या उणिवेचे टोक किती भयंकर असते, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवले आहे. अंगावर पिणारी शाकाहारी मातांची बाळे त्यांच्याकडे आली. काही महिने बरी वाढलेली ही बाळे निस्तेज झाली, हसू विसरली, आलेली मान पुन्हा धरेनाशी झाली, हातापायांची त्वचा काळवंडली, अंगाला थरथर सुटली. ब-१२ दिल्यावर ती सावरू लागली. आईच्या रक्तातच ते जीवनसत्त्व नव्हते, तर दुधात कोठून येणार? आईचे दूध श्रेष्ठ आहेच, त्याला पर्याय नाही. पण त्या दुधाला आधी आईच्या ताटाचा पुरवठा हवा.

अशी टोकाची बाळे थोडी. मधल्या असंख्य मुलांचे काय? पुण्याच्या त्याच खेड्यांतील मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेण्यात आली. गर्भारपणात ज्यांचे ब-१२ सर्वांत कमी होते आणि ज्यांचे सर्वांत चांगले होते, अशा दोन गटांतील मातांची मुले निवडली. सर्वसाधारण बुद्धिमापनात फरक आढळला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. परंतु ज्या चाचणीत लक्ष टिकवून ठेवावे लागते तीत, आणि आकडे ऐकून उलट्या क्रमाने म्हणून दाखवावयाचे असतात तीत, कमी ब-१२ असलेल्या मातांची मुले मागे पडली. पाढे म्हणताना मध्येच अडखळणारे, वर्गात खिडकीबाहेर पाहणारे मूल सर्वांनी पाहिलेले असते. त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून छडी मिळते. त्या लक्ष नसण्याचा एक धागा दहा वर्षांपूर्वीच्या ताटापर्यंत जात असेल, हा विचार कोणाच्या मनात आला असेल?

हाच प्रश्न म्हैसूरमध्येही तपासला गेला. तेथे मातेच्या ब-१२ शी मुलांच्या बुद्धीचा संबंध आढळला नाही. फोलेट चांगले असलेल्या मातांची मुले मात्र नऊ-दहा वर्षांच्या वयात सरस ठरली. विज्ञान असेच चालते. एका गावचा निष्कर्ष दुसऱ्या गावी जसाच्या तसा येतोच असे नाही, आणि नुसत्या निरीक्षणाने कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष देऊन पाहावे लागते.

पुणेकर संशोधकांनी तेही केले. १९९३ नंतर त्या खेड्यांत जन्मलेल्या मुली २०१२ पर्यंत सोळा-अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. त्या व त्यांच्या बरोबरीचे मुलगे यांना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ द्यावयाचे असे ठरले. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा पाच लाखावा भाग! एका गटाला केवळ ब-१२, दुसऱ्या गटाला त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषक द्रव्ये, तिसऱ्याला नुसती दिसायला तशीच गोळी. मुलींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. ती मुले दोन ते साडेतीन वर्षांची असताना त्यांची विकासचाचणी घेण्यात आली, तेव्हा केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची मुले आकलनात आणि भाषेत पुढे असल्याचे आढळले. बंगळुरूतही गर्भवतींना ब-१२ देऊन एक चाचणी झाली. तेथे नवव्या महिन्यात बाळांमध्ये फरक दिसला नाही. अडीच वर्षांच्या वयात मात्र बोलून व्यक्त होण्याच्या क्षमतेत ती सरस निघाली. या चाचण्यांतील मुलांची संख्या फार मोठी नाही, म्हणून ढोल वाजवण्याची घाई नको. पण दिशा स्पष्ट आहे आणि औषध पैशापैशाचे आहे. कारखान्यात ते जीवाणूंच्या किण्वनातूनच तयार होते; त्यामुळे गोळी घेतल्याने शाकाहाराचे व्रत मोडत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फोलिक आम्लाच्या गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते. ते आहारातून यावे लागते, नाहीतर डॉक्टरांना विचारून वेगळे घ्यावे लागते. पुण्याच्याच अभ्यासात, फोलेट भरपूर पण ब-१२ कमी अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली होती. तेव्हा ही दोन जीवनसत्त्वे जोडीनेच चालली पाहिजेत.

लोहाच्या गोळ्यांचीही कथा दुःखदच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२ टक्के गर्भवती पंडुरोगी आढळल्या, आणि ठरलेले १८० दिवस गोळ्या घेतलेल्या स्त्रिया होत्या सुमारे २६ टक्के. मळमळते, शौचास काळे होते, कोणी तरी सांगते की गोळीने बाळ काळे होते. झाले, गोळ्या फडताळात! गोरेपणासाठी केशर मात्र महागाचे आणले जाते. केशराने बाळ गोरे होत नाही. लोहाअभावी मेंदूच्या वाढीला बाधा येते, याला पुरावा आहे. गोळी जेवणानंतर लगेच चहाबरोबर घेतली तर निम्मे काम वाया जाते. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर ती अंगी लागते.

मिठाचेही सांगावयास हवे. आयोडीन नसेल तर गर्भाचा मेंदू वाढत नाही, आणि गर्भारपणाचा निम्मा काळ तर बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड ओसरला, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावरील बंदी २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा आली. त्या वेळचे वाद अनेकांना आठवत असतील. आज संकट वेगळ्याच दाराने येत आहे. सुशिक्षित घरांत ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव आणि गुलाबी मीठ रोजच्या स्वयंपाकात आले आहे. त्यात पुरेसे आयोडीन नसते. इंग्लंडसारख्या संपन्न देशातही, गर्भारपणी आयोडीन कमी असलेल्या मातांच्या मुलांचा शाब्दिक बुद्ध्यंक आठव्या वर्षी कमी भरल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. उपवासाला सैंधव जरूर वापरावे; गर्भवतीच्या रोजच्या आमटीत आयोडीनचे मीठच असावे.

आणि उपवासांविषयी. धर्मशास्त्राने गर्भिणी, बाळ आणि आजारी यांना व्रतातून मोकळीक दिलेली आहे. तरीही संकष्टी, एकादशी, हरतालिका चालूच राहतात. कारण सून सोडावयास तयार असली तरी ‘आम्ही नऊ महिने सगळे उपास केले, आमची मुले काय वेडी निघाली?’ हे वाक्य स्वयंपाकघरात हजर असते. सासूबाईंनी हे प्रेमानेच म्हटलेले असते. त्यांना उलट उत्तर देण्यापेक्षा, ‘तुमचा नातू हुशार व्हावा म्हणून वाटीभर दही मला तुम्हीच वाढा,’ असे सुनेने म्हणून पाहावे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करणाऱ्या हातांना आहाराचे महत्त्व कळत नाही, असे नाही. आपल्याकडे ते लाडू येतात बाळंतपणानंतर. तोवर पोटातले नऊ महिने संपलेले असतात. अळिवात लोह आहे, पण गर्भारपणात ते किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल, म्हणून शेवटच्या महिन्यांत पोट मारणे तर सर्वस्वी चुकीचे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजारांच्या वर स्त्रियांना दिवस जाण्यापूर्वीपासून रोज एक खाऊ दिला गेला. काहींना पालेभाजी, फळे व दूध यांचा, काहींना बटाटा-कांद्याचा. एकंदरीत बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ खाल्लेल्या स्त्रियांचा वेगळा हिशेब केल्यावर बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलेले दिसले, आणि गर्भारपणातील मधुमेह पालेभाजी-दुधाच्या गटात १२ टक्क्यांऐवजी ७ टक्के आढळला. म्हणजे पुन्हा तोच पहिला महिना, किंबहुना त्याच्याही आधीचे महिने. लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी शालू, दागिने, सभागृह यांची चर्चा चालू असते, त्याच महिन्यात तिचे हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासून घेतले तर त्याला एका साडीइतकाही खर्च येणार नाही. मुलीकडच्यांनी करावे, मुलाकडच्यांनी सुचवावे. यात कमीपणा कोणालाच नाही.

महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गर्भवतींना आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस जेवण दिले जाते. शिधा घरी दिला तर तो साऱ्या घरात वाटला जातो, पाच-सहा तोंडांत तिचा घास हरवतो. म्हणून हे जेवण अंगणवाडीतच, ताजे, तिच्यासमोर वाढले जाते. ती तेथेच बसून जेवते, आणि मगच घरी जाते. शहरातल्या आपल्या घरांत अंगणवाडीसेविका येणार नाही. तेथे गर्भवती सून सगळ्यांचे झाल्यावर, उरलेल्या भाजीवर आणि कढईतल्या तळाशी राहिलेल्या आमटीवर जेवते. आज रात्री तिचे ताट पहिल्या पंगतीत मांडून पाहावे.